व्हियोलांकडे कान द्या : मोत्झार्टची चाळिसावी सिम्फनी आणि तिची ध्वनिमुद्रणं

मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीची सुरुवातीची चाल ज्याच्या कानावरून कधीच गेली नाही, असा माणूस मिळणं कठीण. १९६१ च्या 'छाया' चित्रपटातल्या तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या युगुलगीतात सलील चौधरींनी ती अशी बसवली, की अनेक मराठी घरांत मोत्झार्टच्या नावाआधी त्याची चालच पोचली. पुढे ती मोबाइलच्या रिंगटोनमधूनही घरोघर वाजली. मूळ सिम्फनी ऐकायची म्हटलं की मात्र माणूस गोंधळतो. यूट्यूबवर नाव टाकलं की ध्वनिमुद्रणांची रांगच समोर उभी राहते. सगळ्यांत स्वर तेच, क्रम तोच, तरी एक हळवं वाटतं, दुसरं चिडलेलं, तिसरं शिस्तीत चालणारं. हा फरक कुठून येतो, तो कसा ओळखायचा आणि कोणतं ध्वनिमुद्रण कशासाठी ऐकायचं, हे इथे क्रमाने पाहू.

रचनेची ओळख

१७८८ च्या उन्हाळ्यात, व्हिएन्नामध्ये, मोत्झार्टने अवघ्या सहाएक आठवड्यांत तीन सिम्फनी पूर्ण केल्या. स्वतःच्या रचनांची तो एक वही ठेवत असे. तिच्यात एकोणचाळिसाव्या सिम्फनीपुढे २६ जून, चाळिसाव्या सिम्फनीपुढे २५ जुलै आणि एक्केचाळिसाव्या, म्हणजे 'ज्युपिटर'पुढे १० ऑगस्ट अशा तारखा आहेत. या त्याच्या शेवटच्या तीन सिम्फनी.

चाळिसावी जी मायनरमध्ये आहे. मोत्झार्टच्या क्रमांकित सिम्फनींपैकी फक्त दोनच मायनरमध्ये आहेत, पंचविसावी आणि ही, आणि दोन्हींचा स्वर जी. वाद्यवृंद लहान आहे : तंतुवाद्यं, एक फ्लूट, दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न. ट्रम्पेट नाहीत, टिंपनी नाहीत. त्यामुळे या सिम्फनीत जो काही आवेग आहे, तो ढोलताशांवाचून उभा करावा लागतो.

भाग चार आहेत. पहिला जलद, दुसरा संथ, तिसरा मिन्युएट आणि चौथा पुन्हा जलद. मायनरमध्ये सुरू झालेली रचना शेवटी मेजरमध्ये नेऊन ऐकणाऱ्याला मोकळं करायची सोय संगीतकाराला असते. इथे मोत्झार्टने ती घेतलेली नाही. शेवटचा भाग मायनरमध्ये सुरू होतो आणि मायनरमध्येच संपतो.

वाद नेमका कशाचा?

या सिम्फनीचा स्वभाव काय, यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ एकमत नाही. रॉबर्ट शूमानला तिच्यात ग्रीक कलेचा हलकेपणा आणि डौल दिसला. विसाव्या शतकातले पियानोवादक आणि अभ्यासक चार्ल्स रोझेन यांना तिच्यात आवेग, दुःख आणि हिंसाही ऐकू आली.

दुःखाच्या बाजूने बोलणारे चरित्राचा आधार घेतात. त्या जूनच्या अखेरीस मोत्झार्टची सहा महिन्यांची मुलगी तेरेझिया दगावली होती, आणि मित्र मिखाएल पुखबर्गकडे तो पत्रांमागून पत्रं लिहून उसने पैसे मागत होता. पण हा आधार फार ताणता येत नाही, कारण त्याच आठवड्यांत त्याने 'ज्युपिटर'सारखी तेजस्वी सिम्फनीही लिहिली.

प्रत्येक ध्वनिमुद्रण या वादात कळत नकळत एक बाजू घेतं. आपल्याकडे एकच बंदिश दोन गायक गातात तेव्हा फरक सहज कळतो, कारण प्रत्येकजण आलाप-तानांनी ती आपल्या परीने वाढवतो. सिम्फनीत कंडक्टरला एक स्वरही वाढवता येत नाही. त्याच्या हातात उरतात ती लय, वजन, श्वास आणि वाद्यांचा आपसातला तोल. म्हणून तुलनाही याच गोष्टींवर करायची.

पहिली कसोटी : सुरुवातीचे वीस सेकंद

त्या काळच्या सिम्फनी बहुधा ठणकावून सुरू होत. ही सुरू होते साथीने. व्हियोला दोन गटांत विभागून हळू आवाजात आठव्या मात्रांची अखंड कुजबुज सुरू करतात, चेलो आणि डबल बेस खाली आधार देतात, आणि पाऊण मापानंतर व्हायोलिनवर ती प्रसिद्ध चाल येते. वायुवाद्यं तेव्हा गप्प असतात.

चाल गोड आहे. अस्वस्थता आहे ती व्हियोलांमध्ये. ज्या ध्वनिमुद्रणात व्हियोला मागे धूसर राहतात, तिथे आपल्याला एक सुंदर गाणं ऐकू येतं. जिथे प्रत्येक आठवी मात्रा सुटी आणि धारदार ऐकू येते, तिथे तेच गाणं कुणीतरी पाठलागावर असल्यासारखं वाटतं. म्हणून कोणतंही नवं ध्वनिमुद्रण लावलं की व्हायोलिन येण्याआधीच्या त्या क्षणभरात कान व्हियोलांवर ठेवावेत. कंडक्टर शूमानच्या बाजूचा आहे की रोझेनच्या, याचा अंदाज बहुतेक वेळा तिथेच येतो.

दुसरी कसोटी : लय

पहिल्या भागावर 'मोल्तो आलेग्रो' अशी सूचना आहे आणि दोन ठोक्यांत मोजायची खूण आहे. म्हणजे चाल वेगवान हवी. पण किती? मोत्झार्टने मेट्रोनोमचा आकडा देणं शक्यच नव्हतं, कारण मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं ते १८१५ मध्ये, मोत्झार्टच्या मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी. त्यामुळे लयीच्या बाबतीत हस्तलिखिताचा हवाला देऊन कुणाचं तोंड बंद करता येत नाही.

'जुने कंडक्टर संथ, नवे जलद' असा एक समज आहे. या सिम्फनीपुरता तो साफ खोटा ठरतो. विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांनी १९४८-४९ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण पुढच्या अनेक 'अस्सल' म्हणवणाऱ्या ध्वनिमुद्रणांपेक्षा वेगवान आहे. शिवाय जलद म्हणजे अस्वस्थ, असंही समीकरण नाही. वेग वाढला आणि व्हियोला पुसट झाल्या, तर उरते ती नुसती घाई.

लयीबरोबर एक गोष्ट तपासावी. पहिल्या भागातली दुसरी सुरावट तंतुवाद्यं आणि वायुवाद्यं वाटून घेतात. ती आधी बी फ्लॅट मेजरमध्ये येते, त्यामुळे जरा हायसं वाटतं. भागाच्या उत्तरार्धात तीच सुरावट जी मायनरमध्ये परतते आणि मघाचा दिलासा काढून घेते. काही कंडक्टर तिथे लय सैल करतात, काही तसूभरही ढळत नाहीत. लय सैल केली की दुःख बोलून दाखवल्यासारखं होतं; न ढळता वाजवलं की ते टाळता न येणारं वाटतं.

तिसरी कसोटी : पुनरावृत्ती

स्वरलिपीत पुनरावृत्तीच्या खुणा आहेत. पहिल्या भागाचा पूर्वार्ध दोनदा, तर दुसऱ्या आणि चौथ्या भागांचे दोन्ही अर्ध दोनदा वाजवावेत असं मोत्झार्टने लिहिलं आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटं मावत, तेव्हा या खुणांवर सर्रास काट मारली जाई. पुढे लांब तबकड्या आल्या, पण ती सवय बराच काळ टिकली.

पुनरावृत्ती गाळली तर सिम्फनी पंचविसेक मिनिटांत आटोपते. सगळ्या पाळल्या तर पस्तीस मिनिटं किंवा त्याहून जास्त चालते. हा फरक घड्याळापुरता नाही. पुनरावृत्तीमुळे संथ भाग पहिल्या भागाहूनही मोठा होतो आणि सिम्फनीचं वजन मध्याकडे सरकतं. ध्वनिमुद्रणाच्या पाठीवर छापलेल्या वेळा पाहिल्या तर हा निर्णय ऐकण्याआधीच कळतो.

चौथी कसोटी : क्लॅरिनेट आहे की नाही

मोत्झार्टने ही सिम्फनी पूर्ण झाल्यावर पुन्हा हातात घेतली, दोन क्लॅरिनेट वाढवले आणि त्यांना जागा करून देण्यासाठी ओबोचं काम नव्याने लिहिलं. नुसत्या हौसेखातर संगीतकार असे कष्ट घेत नाही, त्यामुळे ती त्याच्या हयातीत वाजली असावी असं अभ्यासक मानतात. प्रागच्या एका संगीतकाराच्या १८०२ च्या पत्रात तर अशी नोंद आहे, की ही सिम्फनी इतकी वाईट वाजवली गेली, की मोत्झार्ट खोलीतून निघून गेला. ध्वनिमुद्रणांवर वाद घालणाऱ्यांची परंपरा खुद्द कर्त्यापासून सुरू होते, असं म्हणायला हरकत नाही. हस्तलिखित पुढे ब्राम्सच्या संग्रहात होतं आणि आता ते व्हिएन्नाच्या 'गेझेलशाफ्ट डेर मुझिकफ्रॉइंडे' या संस्थेत आहे.

क्लॅरिनेट नसलेली आवृत्ती ओबोमुळे टोकदार आणि कोरडी वाटते. क्लॅरिनेट असलेली मऊ आणि जरा उबदार. दोन्ही मोत्झार्टच्याच हातच्या आहेत, तेव्हा चूक-बरोबरचा प्रश्न नाही. तीच वाद्यं आणि तोच कंडक्टर ठेवून दोन्ही आवृत्त्या शेजारी ऐकायच्या असतील, तर क्रिस्टोफर हॉगवुड आणि याप श्रोडर यांनी 'अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक'बरोबर केलेल्या संपूर्ण सिम्फनींच्या संचात त्या दोन्ही आहेत.

पाचवी कसोटी : मिन्युएट नाचण्याजोगा आहे का?

मिन्युएट हे दरबारी नृत्य, तीन मात्रांचं. मोत्झार्टने इथे जोर अशा जागी ठेवले आहेत, की तीनचा ठेका सतत अडखळतो आणि वाक्यंही तीन-तीन मापांची पडतात. यावर नाचायला गेलेल्याचा पाय चुकलाच पाहिजे. जुन्या पिढीचे बरेच कंडक्टर हा भाग भारदस्त आणि संथ वाजवत, त्यामुळे अडखळणं झाकलं जाई. अलीकडचे तो वेगाने वाजवतात आणि प्रत्येक ठेच ऐकू येते. मधला ट्रायो जी मेजरमध्ये आहे. सिम्फनीतली ही सर्वांत निवांत जागा. तिथे हॉर्न कसे बोलतात ते ऐकावं.

ध्वनिमुद्रणं : गाणारी बाजू

ब्रुनो वॉल्टर यांनी ही सिम्फनी अनेकदा ध्वनिमुद्रित केली. १९५९ मध्ये कोलंबिया सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं स्टीरिओ मुद्रण सहज मिळतं आणि त्याचा ध्वनीही स्वच्छ आहे. तरी मे १९५२ मधलं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं मैफिलीतलं मुद्रण वेगळंच आहे. सुरुवातीच्या चालीत व्हायोलिन जिथे एकदम वर झेप घेतात, तिथे वॉल्टर वादकांना एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखं सरकायला लावतात. आजचा कोणताही वाद्यवृंद हे करायला धजणार नाही. आपल्या कानाला मात्र ते परकं वाटत नाही, आणि म्हणूनच पाश्चात्त्य संगीतात नव्याने शिरणाऱ्या मराठी श्रोत्याला मी हे मुद्रण आवर्जून सुचवतो.

कार्ल बोह्म यांचं १९६१ चं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं मुद्रण सरळ, नेटकं आणि कुठेही आवाज न चढवणारं आहे. अनेक घरांत हीच पहिली 'चाळिसावी' होती. त्याला दोष देणं अवघड, आणि त्याने भारावून जाणंही अवघड.

बेंजामिन ब्रिटन यांनी इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर १९६८ मध्ये स्नेप मॉल्टिंग्ज या सभागृहात केलेलं मुद्रण मात्र एका संगीतकाराने दुसऱ्याची केलेली वाचणी आहे. सगळ्या पुनरावृत्त्या पाळल्यामुळे संथ भाग सोळा मिनिटांच्या आसपास जातो. एरवी दोन जलद भागांमधला विसावा वाटणारा हा भाग इथे सिम्फनीचं केंद्र होतो. घाईत असताना हे मुद्रण लावू नये.

ध्वनिमुद्रणं : ताठ आणि तापलेली बाजू

फुर्टव्हेंगलर यांच्या मुद्रणाचा उल्लेख वर आला आहे. त्यात ध्वनी जुना आहे, बारकावे हरवतात, पण पहिल्या भागाचा ताण शेवटच्या मापापर्यंत सुटत नाही. बीथोव्हन आणि वाग्नरमध्ये लय हवी तशी ताणणारा हा कंडक्टर इथे जवळजवळ सरळ रेषेत धावतो, हेच मोठं आश्चर्य आहे.

ओटो क्लेम्पेरर यांची फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरची मुद्रणं (१९५६ आणि १९६२) दगडी बांधकामाची आहेत. त्यांचं वैशिष्ट्य वादकांच्या बैठकीत आहे. क्लेम्पेरर पहिले आणि दुसरे व्हायोलिन समोरासमोर बसवत. संथ भागाच्या सुरुवातीला तोच ठोके देणारा स्वर आधी व्हियोला, मग दुसरे व्हायोलिन, मग पहिले व्हायोलिन असा एकमेकांवर चढत जातो. १९६२ चं स्टीरिओ मुद्रण हेडफोनवर ऐकलं, तर ही रचना उजवी-डावीकडून अक्षरशः उभी राहताना कळते.

ध्वनिमुद्रणं : हार्नोनकूर यांचं बंड

निकोलाउस हार्नोनकूर यांचा आणि या सिम्फनीचा संबंध खास आहे. १९५२ ते १९६९ ते व्हिएन्ना सिम्फनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवत. ही सिम्फनी वर्षानुवर्षं गोडगोड करून वाजवावी लागत होती आणि एका टप्प्यावर ते सहन होईना म्हणून आपण नोकरी सोडली, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. तोवर त्यांनी जुन्या वाद्यांवर वाजवणारा 'कॉन्सेन्टस म्युझिकस' हा समूह उभा केलाच होता.

कंडक्टर म्हणून त्यांनी १९८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाबरोबर जे मुद्रण केलं, त्यात तो राग उघड ऐकू येतो. जोर टोचतात, हॉर्न गुरगुरतात, मिन्युएट दरबारातून थेट रस्त्यावर येतो. पुढे २०१४ मध्ये 'कॉन्सेन्टस म्युझिकस'बरोबरच्या शेवटच्या तीन सिम्फनी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांचं म्हणणं आणखी पुढे गेलं होतं. या तीन मिळून एकच मोठी वाद्यरचना आहे, असं ते मांडत. खरी प्रस्तावना फक्त एकोणचाळिसावीला आहे, खरा समारोप फक्त 'ज्युपिटर'ला, आणि चाळिसावीला दोन्ही नाहीत, कारण ती मधला अंक आहे. हे मत पटो वा न पटो, तिन्ही सलग ऐकून पाहण्यासारख्या आहेत.

या मुद्रणांतला शेवटचा भाग विशेष ऐकावा. मध्यावर सगळी तंतुवाद्यं आणि वायुवाद्यं मिळून एक ओबडधोबड, तुटक ओळ वाजवतात. बारा स्वरांपैकी जी सोडून बाकी सगळे त्यात येऊन जातात. म्हणजे सिम्फनीचं घर असलेला स्वर तेवढा गायब. पुष्कळ वाद्यवृंद ही ओळ घाईने ओलांडतात. हार्नोनकूर तिथे थांबे देतात आणि पायाखालची जमीन गेल्याची जाणीव पूर्ण होऊ देतात.

मधला मार्ग

चार्ल्स मॅकेरस यांनी २००७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं मुद्रण दोन्ही बाजूंचं देणं फेडतं. तंतुवाद्यं आधुनिक आहेत, पण स्वर कंपवण्यात काटकसर आहे. हॉर्न मोत्झार्टच्या काळासारखे, झडपांवाचूनचे. क्लॅरिनेटची आवृत्ती घेतली आहे आणि पुनरावृत्त्या पाळल्या आहेत. समूह लहान असल्याने व्हियोला कधी बुडत नाहीत, आणि तरी चाल गायची राहत नाही. शेवटच्या चार सिम्फनींचा हा संच २००९ मध्ये 'बीबीसी म्युझिक मॅगझिन'चा वर्षातलं सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण हा पुरस्कार घेऊन गेला.

घरी तुलना कशी करावी?

पूर्ण सिम्फनी पाठोपाठ चार वेळा ऐकू नये. तिसऱ्या वेळी कान काहीच टिपत नाहीत. त्याऐवजी एकच तुकडा निवडावा, उदाहरणार्थ पहिल्या भागाचं पहिलं मिनिट, आणि तो तीन मुद्रणांत ऐकावा. आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जे मोठ्याने वाजतं ते उगाच जास्त चांगलं वाटतं. जुन्या वाद्यांची मुद्रणं ऐकताना स्वर जरा खाली वाटला तर गोंधळू नये. ते समूह बहुधा एचा स्वर ४४० ऐवजी ४३० च्या आसपास लावतात. आणि मोबाइलच्या लहान स्पीकरवर व्हियोलांचा अंदाज येत नाही, तेव्हा हेडफोन बरा.

प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मिळाली तर सोडू नये. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून नियमित मैफिली करतो. मोत्झार्टसारखा लहान वाद्यवृंद सभागृहात ऐकला की कोणतं वाद्य कुठून बोलतं हे डोळ्यांनाच दिसतं, आणि मग ध्वनिमुद्रणातही ते शोधता येतं.

कोणतं घ्यावं?

एकच ठेवायचं असेल तर मॅकेरस. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने वॉल्टर यांच्या १९५२ च्या मुद्रणापासून सुरुवात करावी आणि लगेच हार्नोनकूर यांचं १९८३ चं लावावं. या दोघांमधलं अंतर कळलं की बाकीची मुद्रणं आपोआप मधे कुठेतरी आपली जागा घेतात. संथ भागासाठी ब्रिटन, पहिल्या भागाच्या ताणासाठी फुर्टव्हेंगलर, दोन आवृत्त्यांच्या अभ्यासासाठी हॉगवुड. शूमान आणि रोझेन यांच्यापैकी बरोबर कोण, याचा निकाल या यादीतून लागणार नाही. मोत्झार्टने गोड चाल आणि अस्वस्थ साथ एकाच मापात, एकमेकांच्या डोक्यावर लिहून ठेवली आहे, आणि म्हणून ज्या ध्वनिमुद्रणात दोन्ही एकाच वेळी स्पष्ट ऐकू येतात, तेच मी वरच्या पायरीवर ठेवतो.